चिंतामणीच्या खुर्चीवरचा टॉवेल

जयवंत परबाच्या पोटात त्या सोमवारी जे दुखायला लागलं, त्याला भोईवाड्यातल्या एकाही डॉक्टरकडे औषध नव्हतं. दुखण्याचं नाव चिंतामणी राणे.

दोघे गिरगावातल्या एका सरकारी कचेरीत एकदमच लिपिक म्हणून चिकटले. कचेरीचं नाव कशाला घ्या, सगळ्यांचीच कामं पडतात तिथे. पुढे साहेबांनी विचारलं, लेखा शाखेत कोण जातो? लेखा शाखा म्हणजे कोंदट खोली आणि दिवसभर आकडेमोड. जयवंताची खुर्ची ऐन पंख्याखाली. तो म्हणाला, "चिंत्या, तू जा. तुला घाम कमी येतो." चिंत्या बिचारा गेला.

आणि यंदा त्या खात्यात पदांची नवी वर्गवारी झाली. लेखा शाखेतली पदं गट 'क'मधून उचलून गट 'ब'मध्ये टाकली, तीही राजपत्रित. जयवंत होता तिथेच, पंख्याखाली.

नुसता पगार वाढला असता तर जयवंताने गिळलं असतं हो. पण चिंतामणीला काचेची केबिन मिळाली, टेबलावर घंटी आली आणि खुर्चीच्या पाठीवर पांढराशुभ्र टॉवेल. कचेरीत माणूस मोठा झाला हे दारावरच्या पाटीआधी टॉवेल सांगतो. येता-जाता जयवंताची नजर त्याच्यावर. दोरे सुटलेत का, बड्या साहेबांच्या टॉवेलापेक्षा जाड तर नाही ना.

घरी बायकोने, शेवंतीने, मीठ चोळलं. "इतकी वर्सां पंख्याखाली बसलात, काय गावला? सर्दी."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चिंतामणी नेहमीसारखा डबा घेऊन सगळ्यांच्या टेबलाशी आला. जयवंत उठला, रुमालाने बाकडं झटकलं, कमरेत वाकला. "या साहेब. आम्हा गट 'क'वाल्यांच्यात बसलेलं चालेल ना?"

टेबल खदखदून हसलं. चिंतामणीही हसला. "जया, मार खाशील," म्हणत त्याने जयवंताच्या डब्यातलं भरलं वांगं उचललं.

जयवंताला चटक लागली. जिन्यात, "साहेब, सांभाळून, लादी ओली आहे." कॅन्टीनमध्ये, "साहेबांचा चहा आधी." संघटनेच्या सभेत तर त्याने कहर केला. हात वर करून म्हणाला, "राजपत्रित अधिकाऱ्यांना इथे बसता येत नाही. नियम आहे." नियम होताच, पण तो काढला नसता कुणी. चिंतामणी गुपचूप चपला शोधून बाहेर पडला.

नवी आलेली अनुजा 'साहेब' म्हणायला लागली, तिला ही थट्टा आहे हे ठाऊकच नव्हतं. मग शिपाई म्हणायला लागला. मग सगळेच. चिंतामणी केबिनमध्ये एकटा जेवायला लागला.

खरं तर जयवंताने खूश व्हायचं. पण शिपाई चिंतामणीचा डबा गरम करून केबिनमध्ये नेतो, हे त्याला दिसलं. त्या दिवशी जयवंताला स्वतःची पोळी चावेना.

गेल्या आठवड्यात केबिनचं दार उघडलं. चिंतामणी डबा हातात घेऊन टेबलाकडे आला. अनुजा पटकन उभी राहिली. शिपाई उभा राहिला. एकेक करत सगळं टेबल उठलं, आणि जयवंताचे गुडघे त्याला न विचारताच सरळ झाले.

चिंतामणीने एकट्या त्याच्याकडे पाहिलं. "तू तरी बस रे, जया."

नुसतं 'चिंत्या' म्हटलं असतं, तरी भागलं असतं. जयवंताच्या तोंडून निघालं, "नाही साहेब, तुम्ही बसा." या खेपेला त्यात टोमणा नव्हता.

चिंतामणीने अनुजाला कुठल्याशा फायलीचं काहीतरी विचारलं, डबा तसाच सावरला आणि परत केबिनमध्ये गेला.

सगळे बसले, घास सुरू झाले. जयवंत मात्र दाराकडेच बघत राहिला. अख्खं टेबल उठलं त्याच्यासाठी. आपण आलो म्हणून इतक्या वर्षांत कुणी साधं सरकलंसुद्धा नव्हतं.