हीटरची वायर

अमेरिकेतल्या डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या मोरेश्वरकाकांचा हिवाळा एका केशरी वायरीवर चालतो. त्यांची जुनी डिझेल गाडी थंडीत अडून बसते. इंजिनातला हीटर रात्रभर चालू राहिला तरच सकाळी मुकाट्याने सुरू होते. म्हणून जेवण झालं की काका स्वयंपाकघरात वायरीची पिन लावतात, वायर मागच्या दाराखालून बाहेर ओढतात आणि गाडीच्या तोंडातून लोंबणाऱ्या वायरीला जोडतात. शेजारी हसतात. हसोत बापडे.

गाडी विकून टाका, असं मुलगी देवयानी कॅलिफोर्नियातून सांगते. तिथे बसून सांगायला काय जातंय! आठवड्यातून तीन दिवस पहाटे साडेपाचला बायकोला, चारुताकाकूंना, डायलिसिसच्या खुर्चीत बसवायचं, चार तासांनी घरी आणायचं, मग मिठाईच्या दुकानात काउंटरमागे उभं राहायचं. चार वर्षं हेच चाललंय. काका थकलेत. पण थकलो असं म्हणायचं कुणापुढे? सुया तर काकूंना टोचतात.

काकूंची एक सवय मात्र अमेरिकेला पुरून उरली. झोपण्याआधी घरातली सगळी बटणं बंद करायची. इथल्या प्लगांना बटणंच नसतात, म्हणून त्या पिनाच उपटतात: टोस्टर, मिक्सर, टीव्ही. दोनदा गाडीची पिनही अशीच निघाली. तेव्हा काकांनी तिच्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि बजावलं, "हिला हात लावायचा नाही."

जानेवारीतल्या त्या बुधवारी पारा शून्याखाली चौदा होता, तोही फॅरनहाइटमधला. काकांनी किल्ली फिरवली. गाडी एकदा कण्हली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. आत येऊन बघतात तर लाल पट्टीची पिन ओट्यावर पडलेली.

"चारू, किती वेळा सांगायचं गं!" काका ओरडलेच. "एक दिवस चुकला तर छातीत पाणी भरेल, डॉक्टर बोलले नव्हते का? थांब, उबर बुक करतो."

काकू कोट घालून खुर्चीवर बसल्या होत्या. "नका करू," त्या म्हणाल्या. "सवयीने नाही काढली. लाल पट्टी बघून काढली."

"म्हणजे?"

"आज जायचंच नव्हतं मला. कंटाळा आलाय हो. आणि तुम्ही काल बूट घालूनच झोपलात. मी ते काढले, तरी तुम्हाला जाग नाही."

काकांना खूप रागवायचं होतं, पण राग येईना. कारण गाडी सुरू झाली नाही तेव्हा पहिल्या क्षणी त्यांना बरं वाटलं होतं. बायकोच्या जिवाशी खेळ आणि आपल्याला बरं वाटतं! ही लाज सांगायची कुणाला? त्यांनी काकूंनाच सांगून टाकली.

काकू रडल्या नाहीत की चिडल्या नाहीत. "मग सेंटरला फोन करा," त्या म्हणाल्या. "दुपारची खुर्ची मागा. तोवर दोघंही झोपू."

बाराची वेळ मिळाली. काकांनी पिन लावली, कोट काढला आणि आडवे झाले.

"पुन्हा असं करू नकोस," डोळे मिटून ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्या अंगावर पांघरूण ओढलं. "तुम्ही नेताय तोवर जाईन," त्या म्हणाल्या.