आधी रत्नीला सलाम

मेजरसाहेब कुणाच्याही दारात आले की आधी जनावराला कडक सलाम ठोकायचे, मग माणसाला नमस्कार. नमस्कार कधी राहूनही जायचा, सलाम नाही. फौजेत ते डोंगरातल्या खेचरांचे डॉक्टर होते, आता आमच्या भागात गुरांचे सरकारी डॉक्टर. "माझं सामान त्यांनीच वाहिलं. मग आधी कुणाला विचारू?" असं म्हणायचे. गावानं त्यांचं नाव खेचर-मेजर ठेवलं. ते कानावर गेल्यावर म्हणाले, "चला, बढती झाली."

मी तेव्हा अहमदपूरकडच्या एका गावातली नवी सून. चौथी पास, म्हणजे स्वतःच्या मते गल्लीतली एकमेव विद्वान. कंधारहून येताना वडिलांनी सोबत तांबडी गाय दिली होती, रत्नी. फौजेतला अधिकारी येणार म्हणून मी लग्नातला शालू नेसून गोठ्याच्या दारात उभी राहिले. साहेबांनी रत्नीला सलाम केला, तिचं नाव विचारलं, वय विचारलं. मला काहीच नाही. मी दोन दिवस गायीशी बोलले नाही.

लातूर जिल्हा नवा झाला, आणि पाठोपाठ पावसानं दडी मारली. "औषधं जुन्या जिल्ह्यात, जनावरं नव्यात, अन् मी बसस्टँडवर," साहेब हसून सांगायचे. सासऱ्यांनी बैल विकले. गोठ्यात गाभण रत्नी तेवढी उरली. ती गेली असती तर दावणच रिकामी.

करपलेल्या ज्वारीच्या बुडाला तेव्हा कोवळे फुटवे आले होते. सासूबाईंनी बजावलं होतं, ते जनावराला घालू नको. म्हातारीला काय कळतंय, असं म्हणून मी ओटीभर फुटवे आणले आणि लाडानं रत्नीला चारले. घटकाभरात ती लटपटली, तोंडाला फेस आला आणि खाली बसली ती उठेना.

नशीब, साहेब गावच्याच गुरांच्या चारा छावणीत होते. धावत आले. मी नुसती रडत होते.

"ताई, रडायचं संध्याकाळी. आता काय चारलं ते सांगा, अन् शिंगं धरा."

सासूबाईंच्या देखत सगळं सांगितलं. साहेबांनी पिशवीतून पांढरे खडे काढले. फोटो धुवायचं औषध ते, कोवळ्या फुटव्यांतल्या विषावर उतारा. फुटवे दिसू लागताच त्यांनी उदगीरच्या फोटोवाल्याकडून आणून ठेवलं होतं. पाण्यात विरघळवून बाटलीनं पाजलं. दिवस कलताना रत्नी उठली. मला रडायची सवड मिळाली, पण रडू येईना.

साहेब रागावले नाहीत. त्याहून वाईट केलं. उद्या छावणीत उभं राहून सगळ्यांना सांगायचं, म्हणाले.

"त्यापेक्षा मला बोला हो, साहेब."

"फौजेत ज्याच्या हातून चूक होते, दुसऱ्या दिवशी तोच शिकवतो."

दुसऱ्या दिवशी मी पदरातच पुटपुटले. मागून एक म्हातारी ओरडली, "जोरात बोल की गं, शहाणे!" मग साहेब मला गावोगावच्या छावण्यांत नेऊ लागले, आणि तिसऱ्या गावापर्यंत मला गोडी लागली. रत्नीच्या तोंडाचा फेस गावागणिक वाढत गेला. साहेब हळूच म्हणाले, "ताई, फेस जरा कमी करा." त्या हंगामात कितीतरी बायकांनी फुटव्यातून गाई हाकलून आणल्या, माझ्या नावानं बोटं मोडत.

पुढं पाऊस झाला, रत्नीला कालवड झाली आणि साहेबांची बदली झाली. निरोप घ्यायला ते गोठ्याशी आले. मी सवयीनं बाजूला सरकले. ते रत्नीसमोर थांबले नाहीत. माझ्यापुढं आले, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. रत्नीला नंतर.

मग दोन दिवस रत्नी माझ्याशी बोलली नाही.