सैल झाकण

वंध्यत्वाच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत तिला सगळे थांबाबाई म्हणत. अठरा वर्षं नोकरी आणि तोंडी एकच शब्द. घरी नवऱ्याने वाफाळत्या चहाला हात लावला तरी ही म्हणे, "थांबा हो, जीभ पोळेल."

थांबण्याला कारण होतं. शुक्रजंतू पळताना दिसले की लोकांना वाटतं, झाली तयारी. कसली तयारी! अंगावरचं आवरण उतरायला, शेपटीत जोर यायला त्यांना काही तास लागतात. बाईच्या पोटात ते आपसूक होतं. इथे ते थांबाबाई नळीतल्या द्रावणात घडवून आणायची. नळी उबदार पेटीत ठेवायची आणि झाकण सैल सोडायचं, म्हणजे पेटीतला गॅस आत जातो.

त्या दिवशी एका बाईंची तीन स्त्रीबीजं काढली होती. उपचारांची चौथी खेप, आणि शेवटची. बाईंनी तसं बजावूनच सांगितलं होतं. दुपारी थांबाबाईने नळी बाहेर काढली. नारिंगी हवं ते द्रावण गुलाबी पडलं होतं. झाकण घट्ट होतं, गॅस आत गेलाच नव्हता. आणि ते झाकण तिनेच लावलं होतं.

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलं. "झकास पळतायत की! सोडा बीजांवर."

"नुसते सरळ पळतायत, सर. शेपटीचे फटके मारत उसळायला हवेत. नाहीतर बीजाच्या कवचातून आत कसे जातील?"

"आणि बीजं थांबतील का तोवर?"

"संध्याकाळपर्यंत थांबतील. झाकण मी घट्ट लावलं, चूक माझी. आता घाई करून दुसरी चूक मी करणार नाही."

डॉक्टर धुसफुसत निघून गेले. पेटीत दुसऱ्या एका नळीत, सैल झाकणाखाली, तयार द्रावण होतं. तिने शुक्रजंतू त्यात घेतले, झाकण दोनदा तपासलं. मग बाहेर जाऊन त्या बाईंना सगळं सांगून टाकलं. तिला भयंकर लाज वाटत होती.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "मग इथे काय करताय? आत जा."

तीन तासांनी शुक्रजंतू वेडेवाकडे उसळत होते. तिने ते बीजांवर सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बीजं होती तशीच होती. तिसऱ्यात दोन गोल केंद्रकं एकमेकांना खेटून बसली होती. तिने स्वतः फोन लावला.

"एक फळलंय, बाई."

पलीकडून बाईंनी विचारलं, "आता मी काय करायचं?"

थांबाबाईला जन्मात पहिल्यांदा आपला शब्द उच्चारवेना.

"कळलं," बाईच म्हणाल्या. "थांबते."