पेटंटसाठी अंगठा

माझ्या नावावर एक पेटंट आहे. घरी येणारे म्हणतात, फ्रेम करून भिंतीवर लावा की. मी लावत नाही. का लावत नाही ते एकदा लिहूनच टाकतो.

सत्तरच्या दशकात मी नारपोलीत एका पॉवरलूमच्या कारखान्यात मेंटेनन्स बघत होतो. दापोड्याच्या बाजूच्या आमच्या खेड्यातला मी पहिला इंजिनिअर. लूमवर आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे गोळीसारखा पळतो आणि कधीतरी सुटून बाहेर उडतो. आमच्या एका कारागिराचा डोळा त्यानेच गेला. धोटा अडवायला जाळी मिळायची, पण धागा जोडताना हाताला आड येते म्हणून कारागीर ती काढून फेकायचे. मी एक पट्टी बनवली. लूम चालू झाला की आपोआप खाली येणारी, थांबला की वर उठणारी. एवढंच. पण एवढंही आधी कुणाला सुचलं नव्हतं.

कारखान्याचा मालक कोकणी मुसलमान, माणूस सरळ. "इंजिनिअरसाब, कोनेवाला लूम तुम्हारा. पण माझा माल थांबता कामा नये," म्हणाला. त्या कोपऱ्यातल्या लूमवर मी पट्टी चालवून बघितली. चालली.

तेवढ्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी मालक कारागिरांना पूजा करू द्यायचा. लूम बंद, त्यांना झेंडूचे हार, आणि गल्लीतली माणसं या कारखान्यातून त्या कारखान्यात प्रसाद खात फिरणार. आईचा गावाहून निरोप आला, "तुजं हत्यार घरी आन. नांगर-कोयत्यासंगं त्याचीबी पूजा करू." मी वैतागलो. पण पट्टी खोलली, पिशवीत घातली, गावी नेली. नांगराच्या फाळाशेजारी ती पाटावर बसली. सगळं गाव पाया पडून गेलं.

दिवाळीनंतर मी मुंबईत फोर्टातल्या एका पेटंट एजंटामार्फत अर्ज केला. बराच काळ गेल्यावर अर्ज स्वीकारल्याची जाहिरात निघाली आणि लगोलग हरकत आली. हरकत घेणारा आमच्याच गल्लीतला, लूमचे पार्ट ओतणारा. माझा अर्ज गेल्यानंतर त्याने पट्टीची नक्कल करून विकायला सुरुवात केली होती. आता शपथेवर सांगत होता की अर्जाच्या आधी, खंडेनवमीला, हार घातलेली ही पट्टी त्याने लूमवर पाहिली. गल्लीनेही पाहिली. म्हणजे ती नवीन नाही, सगळ्यांचीच.

मी तडक त्याच्या दुकानात गेलो. "त्या दिवशी पट्टी लूमवर नव्हतीच!"

तो पान चघळत म्हणाला, "अरे इंजिनिअर, मी प्रसाद खाल्लाय. पेढे होते. तू तर गावाला गेलेलास, तुला काय माहीत?"

मालकाने लिहून दिलं की पट्टी त्या दिवशी माझ्या घरी पूजेला गेली होती. मला वाटलं, जिंकलो. एजंटाने मात्र कपाळाला हात लावला.

"अहो, म्हणजे गावाने पाहिली! समोरचा वकील आता हेच धरणार. आधीच चारचौघांना कळलेल्या वस्तूला पेटंट मिळत नाही."

"पाटावरचं लोखंड बघून काय कळतं?"

"मग तेच लिहून द्यायचं. वडिलांचं प्रतिज्ञापत्र करू. मी अशिक्षित आहे, मुलाने काय आणलं ते मला समजलं नाही, गावात कुणालाच समजलं नाही."

इथे माझ्या बापाविषयी सांगायला हवं. मी कॉलेजात गेलो तेव्हा फॉर्मवर पालकाची सही हवी होती. मी त्याला पाटीवर नाव गिरवायला शिकवलं. तेव्हापासून बाने कुठेही अंगठा दिला नाही. गावच्या कर्जाच्या सोसायटीत कारकुनाने शाईचा पॅड पुढे केला की म्हणायचा, "त्यो ठेव तुज्यापाशी. पोरगा इंजिनेर हाय माजा." आणि मागे लोक थांबलेले असताना एकेक अक्षर कोरत बसायचा.

एजंटाच्या ऑफिसात त्याने तशीच सही केली. एजंट कागद बघून हसला. "बाबा, वर अशिक्षित लिहिलंय आणि खाली एवढी देखणी सही? अंगठा द्या."

"कागद बदला," मी म्हणालो. "सही येते असं लिहा."

"मग विचारतील, आणखी काय काय येतं? मुलाने समजावून सांगितलं होतं का? केस गेली समजा."

"गेली तर गेली. चल बा."

बा उठला नाही. "त्या पार्टवाल्याला सोडू व्हय? बस गप." मग एजंटाला म्हणाला, "आना ती शाई."

नव्या कागदावर अंगठा दाबला आणि धोतराच्या सोग्याला पुसला. डाग काही गेला नाही. येताना एसटी कशेळीच्या पुलावर अडकली होती. तेव्हा त्याने विचारलं, "त्यो कागद ते परत देत्यात?"

"नाही. सरकारात राहतो."

"मंग सरकारात मी अंगठेवालाच. माजी सही कुटंच ऱ्हायली न्हाय."

 

निकाल आमच्या बाजूने लागला. सरकारी शिक्क्याचं पेटंट आलं. पार्टवाला नक्कल विकतच राहिला. "कर केस," म्हणाला, तोंडावर. त्याच्या खोट्या शपथेबद्दल कुणी त्याला साधं विचारलंही नाही. खोटं त्याने सांगितलं आणि अडाणी ठरला माझा बाप.

मी पेटंट ऑफिसात जाऊन ते प्रतिज्ञापत्र मागितलं. म्हटलं, निकाल लागलाय, आता माझ्या वडिलांच्या सहीचा कागद घ्या आणि तो द्या. कारकून म्हणाला, "रेकॉर्ड आहे. मिळत नाही. पेटंट मिळालं ना? मग कशाला पाहिजे तो?"

कशाला पाहिजे! तो कागद मिळेपर्यंत हे पेटंटही ट्रंकेतच राहील.