गच्चीवरचा योग

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात दिवसभर उभं राहून माझी कंबर धरली, म्हणून मी क्रांती चौकाजवळच्या योगवर्गाला जायला लागलो. पहिल्याच सकाळी मला खाली वाकता येईना. शिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, "खेड्यातली अंगं, लाकडासारखी!" आणि त्यांनी माझ्या पाठीवर गुडघा रेटला. कळ मस्तकात गेली.

"गुडघा काढा!" मी ओरडलो.

"आधी मन शांत करा," ते हसले.

मी त्यांना ढकलून उठलो. शेजारच्या चटईवरच्या निवृत्त नर्सबाईही आपली चटई गुंडाळून उठल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "माझ्या गच्चीवर या. दुखलं की थांबायचं, एवढंच."

तिथं हळूहळू कंबर मोकळी झाली. तो शिक्षक मात्र आजही रस्त्यात दिसला, की माझं डोकं तापतं आणि मी सरळ तोंड फिरवतो.