भोक चुकलेली तबकडी

थेसालोनिकीच्या कपानी बाजारामागे पोलिकार्पोसचं छत्र्या दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर तो लोकांच्या वस्तूंतले दोष काढून टाकी आणि संध्याकाळी घरी जाऊन स्वतःचे दोष झाडूनपुसून ठेवी. हे दोष ग्रामोफोनच्या लाखेच्या जुन्या तबकड्यांवरचे होते. सरळ वाजणारी तबकडी त्याला कोणी फुकट दिली तरी तो घेत नसे. त्याच्या कपाटात दोन्ही बाजूंना एकच गाणं उमटलेली तबकडी होती. एकीत कडव्याच्या मध्येच गायक शिंकत होता आणि वादक त्याला ‘शतायुषी हो’ म्हणत होता. एकीच्या लाखेत अख्खी माशी दाबली गेली होती. ती ज्या ठिकाणी होती, तिथे सुई दर फेऱ्याला उडी मारी.

“लोक चांगलं ते जमवतात,” त्याची बायको एवान्थिया म्हणे. “ह्याने मला पसंत केलं तेव्हाच मला संशय यायला हवा होता.”

कपाटातली राणी होती मधलं भोक बाजूला सरकलेली एक तबकडी. स्मिर्नाकडची कोणी बाई तीवर विरहाचं गाणं गात होती, पण चाकावर तबकडी डुलायची आणि बाईचा सूर होडीत बसल्यासारखा वर-खाली व्हायचा. बाजारातल्या कॉफीच्या दुकानात दर रविवारी तबकडीवाल्यांचं मंडळ जमे. ग्रामोफोनशेजारची, शेगडीजवळची खुर्ची सर्वांत विचित्र तबकडीच्या मालकाची, असा तिथला रिवाज होता. या तबकडीच्या जोरावर ती खुर्ची कित्येक वर्षं पोलिकार्पोसकडे होती.

प्रोद्रोमोस घड्याळजीला मात्र ते मान्य नव्हतं. तो दाराजवळच्या वाऱ्यात बसायचा.

“कारखान्याची चूक कसली? कोणीतरी खिळ्याने भोक पाडलंय.”

“तुझ्या डोक्याला पाडलं असेल.”

“मग दे ना हातात. कड गुळगुळीत असेल तर कारखान्याची चूक, खडबडीत असेल तर माणसाची. भिंगातून बघतो आणि गप्प बसतो.”

“तुझ्या बोटांना तेल असतं.”

हा वाद इतका लांबला, की शेवटी मंडळच कंटाळलं. येत्या रविवारी प्रोद्रोमोसने हात धुऊन यावं, भोक तपासावं आणि खुर्चीचा निकाल लावावा, असं ठरलं.

त्या रविवारच्या आदल्याच दिवशी संत पोलिकार्पोसचा दिवस आला, म्हणजे त्या संताचं नाव लावणाऱ्या आपल्या पोलिकार्पोसचा नामदिन. नामदिनाला दार उघडं असतं. येईल त्याने आत यावं, गोड खावं, दीर्घायुष्य चिंतावं. पाहुण्यांत एवान्थियाचा धाकटा भाऊ लाझारोस होता. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. मनाने चांगला, हाताने कुशल आणि न विचारता मदत करणारा. कोटाखालून त्याने एक पाकीट काढलं.

“दाजी, माझी भेट. काही बोलू नका, आधी ऐका.”

त्याने तबकडी ग्रामोफोनवर ठेवली. स्मिर्नाची बाई गायला लागली, अगदी सरळ. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिला खडखडीत जमीन मिळाली होती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीने डोळे पुसले.

पोलिकार्पोस तबकडीजवळ गेला. मध्यभागी नवं गोल भोक होतं आणि त्याला चिकटून हिरडीच्या रंगाची गुलाबी चंद्रकोर.

“जुनं भोक कवळीच्या मसाल्याने बुजवलं,” लाझारोस म्हणाला. “मग कंपासने मध्य काढून नवं पाडलं. ताईने कपाटाची किल्ली दिली.”

“बिचारी बाई किती हेलकावे खात होती,” एवान्थिया म्हणाली.

पोलिकार्पोसने मेव्हण्याला शिरा वाढला. नामदिनाला घरात भांडत नाहीत.

रविवारी लाझारोसही कौतुक ऐकायला म्हणून मंडळात आला. प्रोद्रोमोस हात धुऊन बसला होता. त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि तो पहिल्यांदा हसला.

“खडबडीत. आणि हे गुलाबी काय? भोकाला दात येतायत का?”

“खडबडीत कुठे?” लाझारोस दुखावला. “नवी कड मी तीनदा घासली. आणि मूळचं भोक त्या गुलाबीखाली आहे.”

“बुजवलेल्या भोकाचा मी काय निकाल देऊ?” प्रोद्रोमोस म्हणाला.

“काढून देतो की. फक्त लाख जुनी आहे. तडकली तर तुकडे होतील, दाजी. मग जोडून मात्र मिळणार नाही.”

सगळे पोलिकार्पोसकडे बघायला लागले. तबकडी तशीच घरी न्यावी, तर बाई सरळ गाईल आणि खुर्ची जाईल. ते गुलाबी काढावं, तर कदाचित तबकडी आणि खुर्ची दोन्ही जातील. त्याने कॉफी संपवली, तळाचा गाळसुद्धा.

“काढ,” तो म्हणाला.

लाझारोसने खिशातून दंतवैद्याचा बारीक आकडा काढला, चंद्रकोरीच्या टोकात अडकवला आणि हळूच दाबला. ‘टक्’ असा आवाज झाला. मंडळातल्या अर्ध्यांनी डोळे मिटले. गुलाबी तुकडा टेबलावर पडला. तबकडी शाबूत होती.

प्रोद्रोमोसने उघडी पडलेली जुनी कड बघितली. मग नखाने बघितली. मग भिंग पुसून परत बघितली.

“काचेसारखी आहे,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे चूक कारखान्याची.” तो थांबला. “अर्धी. उरलेली अर्धी मेव्हण्याची. आणि मेव्हण्याच्या चुका आपल्यात धरत नाहीत.”

“माझी चूक कुठे झाली, ते तरी सांगा,” लाझारोस म्हणाला.

प्रोद्रोमोसने शेगडीजवळची खुर्ची स्वतः ओढून पोलिकार्पोसपुढे केली आणि तो दाराजवळच्या आपल्या जागी जाऊन बसला. पोलिकार्पोसने बसल्या बसल्या तबकडी चढवली. भोक आता शेंगदाण्याच्या टरफलासारखं लांबट झालं होतं. बाई पहिलं कडवं सरळ गायली, मग तबकडी खुंटीवर घसरली आणि तिला एकदम लाटा लागल्या. दुसऱ्या कडव्याला काय होतंय, ते ऐकायला सगळे पुढे झुकले, प्रोद्रोमोससुद्धा.