आंबेचं फडकं

आमच्या बेळगावात पंख्याला कुणी विचारत नव्हतं. माझ्या लग्नात आहेर म्हणून आलेला टेबलफॅन सासूबाईंनी तसाच माळ्यावर टाकला होता, "एवढं काय मेलं उकडतंय?" म्हणून. आता शहापुरातल्या आमच्या बोळात जिकडंतिकडं भिंतीला एसीचं खोकं लटकतंय. ते समोरच्याच्या खिडकीत गरम वाफा सोडतं. समोरचा उकडतंय म्हणून स्वतःचा एसी घेतो आणि त्याच्या वाफा आपल्या खिडकीत सोडतो. शहाणपणाची कमाल आहे! माझ्याही भिंतीला एक आहे, तेव्हा मी काही लांब उभी राहून बोलत नाही. तो कसा आला हे सांगायचं तर आईपासून सुरुवात करावी लागेल.

माझं माहेर हिंडलग्याच्या पलीकडं. जेलची भिंत मागं टाकली की पूर्वी आमच्याकडची शेतं लागायची, आता आधी प्लॉट पाडलेल्या लेआउटचे दगड लागतात. आई तिथं माझ्या धाकट्या भावाजवळ राहायची. भाऊ मच्छे गावातल्या एका फाउंड्रीत भट्टीवर कामाला आहे आणि शिफ्ट सांभाळून शेतीही तोच बघतो. आमच्याकडं आता बहुतेकांचं असंच चाललंय, एक पाय चिखलात आणि एक कंपनीच्या बसमध्ये.

त्या पावसाळ्यात आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी तिच्या वयाकडं बघून हात टेकले. म्हणाले, "खाईल ते खाऊ द्या." खाईल तर ना! तोंडात घातलेलं सगळं उलटून पडायचं. एकाच गोष्टीनं अन्न आत राहायचं. ताकातल्या पेजेत हरभऱ्याच्या आंबेचे चार थेंब टाकले की ती वाटीभर पेज प्यायची आणि ती पोटात टिकायची. का टिकायची, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. आंबेनं गाठ विरघळणार नव्हती, हे आम्हाला कळत होतं आणि आईला आमच्याहून जास्त कळत होतं. पण पेज टिकली तर आई टिकणार होती. आणि बाटलीत मागच्या हिवाळ्यातली आंब जेमतेम बोटभर उरली होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर आम्ही हरभरा टाकतो. थंडी पडली आणि झाडाला फुलं लागली की पानांवर एक आंबटपणा सुटतो. संध्याकाळी झाडांवर पांढरं फडकं अंथरायचं. रात्रभर दहिवर पडतं, म्हणजे तुमचं दव, ते पानांवरचा आंबटपणा घेऊन फडक्यात मुरतं. उन्हं वर यायच्या आत फडकं पिळायचं आणि आंब काचेच्या बाटलीत भरून ठेवायची, वर्षभर पोटाच्या औषधाला. चप्पल घालून त्या वाफ्यात शिरायचं नाही. लहानपणी आमच्या पावलांना आंबेनं अशी आग लागायची की आम्ही उड्या मारायचो, आणि आई हसत म्हणायची, "चरचरतंय न्हवं? मग चांगली उतरलीया." आमचं फडकं आजोबांच्या धोतराचं. आजीनं ते आईला दिलेलं. त्याला साबण लावायचा नाही, त्यात भाकरी बांधायची नाही, त्याला हात पुसायचे नाहीत. आंबेनं खाऊन खाऊन ते पिवळट आणि विरविरीत झालं होतं. घरातल्या देवापेक्षा ह्याचं सोवळं कडक, असं म्हणून मी आईला चिडवायची.

त्या वर्षी थंडीच आली नाही. दिवाळी झाली, मार्गशीर्ष गेला, पौष लागला, तरी रात्री अंगावर चादर नकोशी व्हायची. आभाळ सदा ढगाळलेलं. पाऊस पडेना आणि ढग हटेनात. कुठं समुद्रात वादळ झालं की आमच्याकडं आभाळ भरायचं. एक गेलं की दुसरं तयार. ढग असले की रात्र गरम राहते आणि रात्र गरम राहिली की दहिवर पडत नाही. भाऊ रोज संध्याकाळी फडकं अंथरायचा आणि सकाळी जसंच्या तसं उचलून आणायचा. आई खाटेवरून विचारायची, "काय लागलं का रं फडक्याला?" हा म्हणायचा, "उद्या लागंल." मग त्याची बायको, आमची वैनी, ताकात चारऐवजी दोन थेंब टाकायला लागली, नंतर एक.

एका रविवारी मी माहेरी गेले आणि भावाशी माझं चांगलंच वाजलं. शेजारच्या शिवारात ऊस तुटला होता आणि त्याचा पाला पेटवलेला. काळ्या राखेचे कण आमच्या अंगणात उतरत होते. मी म्हटलं, "हे असं रोज पेटवायचं, वर तुमच्या भट्ट्या, आमच्या गाड्या, आणि मग विचारायचं थंडी कुठं गेली!"

"आक्का, तू शेरातली, तुला वाटतंय तसं," तो म्हणाला. "आभाळ केवढं मोठं! आमच्या चिमणीच्या धुरानं आभाळाला काय हुतंय? त्येचं त्ये फिरतंय. एक साल आसं, एक साल तसं."

"एक साल? आठव जरा, शेवटची धड थंडी कधी पडली होती?"

त्यानं आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाला, "आठवून काय भात शिजतोय व्हय?" आणि मोटारसायकलीला किक मारून शिफ्टला गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगू? मला त्याचंच म्हणणं खरं ठरायला हवं होतं. एक साल असं, एक साल तसं. म्हणजे निदान पुढच्या वर्षीची आशा तरी राहिली असती.

पुढं वैनीचा फोन आला, बाटली संपली. आईनं काल वाटी परत केली, आजही केली. मी सकाळची पहिली सिटी बस धरली आणि उन्हं वर यायच्या आत शेतात पोहोचले. भाऊ वाफ्यात अनवाणी बसला होता, फडकं पिळत होता, आणि फडक्यातून पाणी पडत होतं! मला इतका आनंद झाला की मी बांधावरूनच ओरडले, "पडलं का रे दहिवर?"

तो पिळतच राहिला. जवळ गेले तर त्याच्या बाजूला वैनीची इस्त्रीच्या वेळी पाणी मारायची बाटली पडलेली. पहाटे येऊन त्यानं बोरिंगचं पाणी झाडांवर मारलं होतं, फडकं त्यावर दाबलं होतं. दहिवर पडत नाही तर आपण पाडू, असा त्याचा विचार. रागवावं की त्याला पोटाशी धरावं, मला कळेना.

"तिला फसवतोस?" मी म्हटलं.

"खात न्हाय गं आक्का ती," तो म्हणाला. "दोन दिस झालं."

त्याच्या पुढ्यातल्या पांढऱ्या वाडग्यात मी बघितलं. पाणी काळं होतं. मातीचं नव्हे, मातीचा रंग मला ठाऊक आहे. तेलकट, काजळीसारखं काळं. पानं वरून हिरवीगार दिसत होती, आणि पुसल्यावर त्यांच्यावरून हे निघालं होतं. रोजचं दहिवर पडतं तेव्हा पानं धुतली जातात. यंदा कुणी धुतलीच नव्हती.

भावानं त्यात बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळून बघितलं. कितीतरी वेळ चोळत बसला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "ह्ये मला वळखीचं हाय. शिफ्ट सुटली की मी रोज ह्येच थुकतो."

त्या दिवशीचं भांडण जिंकल्याचा मला आनंद व्हायला हवा होता. डोंबलाचा आनंद! माझा भाऊ चिखलात उकिडवा बसलेला, हातात ते काळं बोट, आणि तोंड असं की लहानपणी त्याच्या हातून आईची काचेची बरणी फुटली होती तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसले. दोघांनी मिळून ते पाणी माझ्या पदरातून तीनदा गाळलं, निवळू दिलं, आणि वरचं नितळ पाणी बाटलीत भरलं. हो, फसवायला मीही सामील झाले. दुसरं काय करणार होतो?

आईनं थेंब तळहातावर घेतला, वास घेतला, जिभेला लावला. आम्ही दोघं दारात शाळेतल्या पोरांसारखी उभी.

"आंबाट हाय," ती म्हणाली.

भावाचा श्वास सुटलेला मी ऐकला.

"पर ही रातीची न्हवं रं बाळा. रातभर गारठ्यात बसल्याबिगर आंब उतरत न्हाय. ही कुणीतरी घाईनं काढलीया." तिनं त्याच्याकडं बघितलं. त्याची मान खाली. "आण, ताकात घाल. तुझ्या हातची हाय न्हवं? पिती मी."

ती प्यायली, वाटी पुसून प्यायली, लेकाच्या तोंडाकडं बघत. तासाभरात सगळं उलटून पडलं. वैनीनं जमीन पुसायला फरशीचं फडकं शोधलं, तर ते धुऊन वाळत घातलेलं. तेव्हा आई उशीला टेकून, डोळे मिटून म्हणाली, "त्ये आंबंचं फडकं घे की. आता त्येचं काय काम हाय?"

वैनीनं घेतलं नाही. तिनं स्वतःच्या जुन्या साडीनं पुसलं. पण मला तिथंच कळून चुकलं की आईनं वाट बघायचं सोडलं. जी बाई त्या फडक्याला आम्हाला हात पुसू देत नव्हती, ती ते फरशीला घे म्हणाली. मी घरामागं परड्यात जाऊन रडले, मोठ्यांदा रडले, लाज सोडून.

पाण्याच्या घोटांवर आणि सलाइनवर तिनं शिमगा गाठला. तोवर ऊन असं तापलं की भावाच्या पत्र्याच्या घरात तिला ठेवणं म्हणजे भट्टीत ठेवण्यासारखं. मी तिला शहापुरात आणलं, येताना बाटली त्या फडक्यात गुंडाळून आणली, का ते विचारू नका. पण माझ्या घरी तरी काय, समोरच्यांच्या एसीच्या वाफा खिडकीतून सरळ तिच्या खाटेवर. खिडकी लावली तर घुसमट. तिच्या अंगाला घामोळं उठलं. तेव्हा ह्यांनी दुकानातून लवकर येऊन तिच्या खोलीत एसी बसवून घेतला. नको कसं म्हणणार? एसी वाईट, धूर वाईट, सगळं मला पाठ होतं. बोळातल्या लोकांना मी ऐकवलंही होतं. आणि आई तळमळताना बघितल्यावर मीच म्हटलं, आजच्या आज बसवा.

पहिल्यांदा गार हवा सुटली तेव्हा तिला झोप लागली. कितीतरी दिवसांनी लागली. चैत्रातली भर दुपार, बाहेर बोळात कुत्रीसुद्धा गटारात जाऊन पडलेली, आणि ह्या खोलीत आई चादर हनुवटीपर्यंत ओढून झोपलेली. तिन्हीसांजेला तिनं डोळे उघडले. मी गालावर हात ठेवला तर गार लागला. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं की मला वाटलं, बरी होते की काय.

"थंडी पडली व्हय गं?" ती म्हणाली.

मी तिची चादर सारखी केली.

"पडली की. हात बघ कसं गार पडल्यात माझं." तिनं माझं मनगट धरलं. "त्येला सांग, फडकं घाल म्हणावं. आज रातीला चांगलं दहिवर पडंल."

"सांगते," मी म्हटलं.

"चप्पल घालून शिरू नगंस म्हणावं."

"सांगते गं आई."

त्यानंतर ती नीट काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गेली, हिवाळा आलाय असं समजून गेली. काही बायका म्हणाल्या, समाधानानं गेली. मी त्यांना काय सांगणार? बाहेर तिचा लेक घामानं निथळत उभा होता, आणि भिंतीवरचं खोकं तिची ती थंडी बनवायला त्याच्याच तोंडावर गरम वाफा मारत होतं.

पुढचा हिवाळाही तसाच गेला. भावानं हरभरा टाकलाच नाही. लेआउटवाले दोनदा येऊन गेले म्हणाला. आता आमची भांडणं होत नाहीत.

एसी काढून टाकायचा असं तेव्हा मी शंभरदा म्हटलं होतं. काढला नाही. उन्हाळा आला, ह्यांचा बीपी वाढला, आता त्या खोलीत आम्ही झोपतो. त्याची नळी कुठंतरी तुंबली आहे, रात्रभर आतल्या बाजूनं पाणी ठिबकतं, मेकॅनिक उद्या येतो म्हणतो आणि येत नाही. पहिल्या सकाळी जमिनीवर तळं बघून मी हाताला लागेल ते फडकं खाली टाकलं. टाकल्यावर बघितलं, ते कुठलं होतं. उचलावं म्हणून वाकले, पण तेवढ्यात ते भिजलं होतं.

तेव्हापासून तिथंच असतं. रोज सकाळी ते चिंब झालेलं असतं, आणि उन्हं वर यायच्या आत मी ते मोरीत नेऊन पिळते.